दळण न दळणारी गिरणी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या स्टँडवर शहाद्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. फोन दादाचा होता. माझा हा मोठा भाऊ एरवी फोनवर आधी जेवलीस का विचारतो आणि मग कामाचं बोलतो. त्या दिवशी तो नुसतं "उषा..." म्हणाला आणि थांबला. त्याच्या मागून आमच्या घरातला नेहमीचा घोंघावणारा आवाज येत होता. तो आवाज चालू आहे म्हणजे वहिनी तिच्या खुर्चीत बसलेली आहे, हे आमच्या घरात न सांगता कळायचं. म्हणून मी अगदी निर्धास्तपणे विचारलं, "वहिनी काय करी ऱ्हायनी?" तेव्हा दादा म्हणाला, "खुर्चीवरच गयी व ती..." भर दुपारी, कुणाच्या तरी लग्नाचं मिक्सिंग करता करता, हातात माउस असतानाच. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती ज्याच्यावर काम करायची ते यंत्र मात्र चालूच होतं. ते बंद करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हंसावहिनी कोण, हे शहाद्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. दादा लग्नांचं शूटिंग करतो आणि वहिनी त्याचं मिक्सिंग करायची, म्हणजे दिवसभराच्या शूटिंगमधून बघण्यासारखी फिल्म कापून, जोडून, गाणी लावून तयार करायची. तापीकाठच्या केळीवाल्या गावांतली लग्नं, शहाद्यातली मंगल कार्यालयं, खापरच्या पुढची डोंगरातली लग्नं, सगळीकडे दादाचा कॅमेरा जायचा आणि सगळं येऊन वहिनीच्या पुढ्यात पडायचं. मी तळोद्याच्या शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, राहते भावाकडेच. म्हणजे मी या घरातली कायमची नणंद. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं भांडण रोज व्हायचं, पण पटायचं. ती मोठ्या आवाजात बोलायची, हट्टी होती, दुसऱ्याचं ऐकून घेणं तिला अपमानासारखं वाटायचं. ती गेली म्हणून मी आता तिला शांत, सोशिक वगैरे करणार नाही. असला खोटेपणा तिनं मला घरात टिकू दिला नसता.

वहिनी गेल्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं. त्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येईना, म्हणून कुणीतरी सरळ भिंतीवरचा मोठा खटका पाडला आणि यंत्र गप्प झालं. पुढं उत्तरकार्याच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. यंत्र सुरू करून बघितलं, पंखे फिरले, आवाज झाला, पण स्क्रीन काळीच राहिली. वहिनीचा पोरगा नितीन पुण्याला कंपनीत असल्याच यंत्रांच्या कामात आहे. त्यानं दोनतीनदा बंद-चालू केलं, समोरचा पिवळा दिवा बघितला आणि मान हलवली. मग वहिनीचा फोटो मिळेना. तिच्या फोनमध्ये सगळे फोटो दुसऱ्यांचे. शेवटी तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्लेक्सवर लावला. तो बघून मला रडू आलं नाही, संताप आला. कारण आख्ख्या शहाद्यात त्या फोटोविरुद्ध एकच बाई लढत होती आणि तीच आता त्या फोटोत अडकली होती.

हे लढणं काय होतं ते सांगते. आमच्याकडे घरात कुणी गेलं की माणसं फोटोसाठी धावाधाव करतात. म्हाताऱ्या माणसांचे फोटो असतात कुठं? असतो तो आधारवरचा, डोळे ताठ केलेला, कुणीतरी दम भरल्यासारखा. तोच फ्लेक्सवर चौकात लागतो. वहिनी म्हणायची, "त्या फोटूमा जित्ता मानूस बी मेल्यासारखा दिसस. मग मेल्यावर तोच कसाले लावतस?" आणि ती नुसती बोलून थांबायची नाही. गेलेला माणूस कधी ना कधी कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असतोच, आणि बहुतेक लग्नांत दादाचा कॅमेरा असतोच. वहिनी घरच्यांना शेजारी स्टुलावर बसवायची, कुणाचं लग्न, कुठल्या गावात, असं विचारत शोधत जायची आणि तो माणूस काढून दाखवायची. पंगतीत जिलेबी मागताना, मांडवाच्या खांबाला टेकून कुणाची तरी टर उडवताना, बँडपुढं एक हात वर करून नाचताना. बायका तिथंच तोंडावर पदर घेऊन हसायच्या आणि हसता हसता रडायच्या. मग त्यातला एक क्षण थांबवून त्याचा फोटो व्हायचा. शहाद्यातल्या चौकांत कधी तुम्ही श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तोंडात घास असलेला, खदखदून हसणारा म्हातारा बघितला असेल, तर ते काम आमच्या वहिनीचं.

यासाठी जुनं सगळं शूटिंग ठेवावं लागतं. धंद्याचा रिवाज वेगळा आहे. फिल्म गिऱ्हाइकाला दिली की मूळ शूटिंग पुसायचं आणि जागा मोकळी करायची. वहिनीनं कधी पुसलं नाही. डिस्का भरत गेल्या, कपाटात, फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी डिस्का. एका लग्नसराईत तिचा कॉम्प्युटर ऐन कामात बसला तेव्हा नवा घ्यायचा म्हणून दादा आणि ती सुरतला गेले आणि येताना टेम्पोत भलतंच काहीतरी घालून आले. लांबलचक, चपटं, लोखंडी, दोघांनी धरल्याशिवाय न उचलणारं. कुठल्यातरी ऑफिसातून मोडीत काढलेला सर्व्हर होता तो, भंगाराच्या गोडाऊनमध्ये वहिनीला दिसलेला. पुढच्या बाजूला डिस्का घालायला खणच खण. दादा म्हणाला, "मी नही म्हनत व्हतू. ती त्यान्हावर बठीच गयी." खरंच ती गोडाऊनमध्ये त्याच्यावर बसली होती, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून.

आता मला यातलं जेवढं कळतं तेवढं सांगते. सर्व्हर म्हणजे असा कॉम्प्युटर की ज्याच्यापुढं कुणी बसत नाही. तो थंडगार खोलीत कुलपाआड असतो आणि बाकीचे कॉम्प्युटर लांबून त्याच्याशी बोलतात. त्याच्यावर घालायची सिस्टिमही वेगळी असते. वहिनीला मात्र घरच्या कॉम्प्युटरवर असते ती साधी सिस्टिम हवी होती. तिचं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालायचं, आणि मुख्य म्हणजे स्टुलावर बसलेल्या बाईला आपला सासरा पडद्यावर दिसायला हवा होता. नितीन फोनवर कळवळून सांगायचा, "आई, हे असं करायचं नसतं. सर्व्हरवर डेस्कटॉपची सिस्टिम टाकत नाहीत. ती त्याच्यासाठी बनवलेलीच नाही." वहिनी म्हणायची, "मी बी मिक्सिंगसाठी नही बनेल व्हतू. मन्हा बापनी माले भाकरी थापाले धाडी व्हती."

यावर नितीन हसायचा आणि मग मुकाट्यानं तिला मदत करायचा, हेही सांगायला हवं, नाहीतर पोरावर अन्याय होईल. पहिल्या दिवशी सिस्टिम घालायला घेतली तर ती सिस्टिमच म्हणाली, यात डिस्कच नाही. समोर खणांत डिस्का ओळीनं बसलेल्या, हिरवे दिवे लुकलुकतायत आणि स्क्रीन सांगतेय की इथं काही नाही! वहिनीनं कपाळाला हात लावला नाही, ती त्या स्क्रीनशी भांडायलाच लागली. डिस्कांच्या आणि सिस्टिमच्या मध्ये एक कार्ड असतं आणि त्याची ओळख करून द्यायला ड्रायव्हर नावाची फाइल लागते, ती या साध्या सिस्टिमजवळ नव्हती. बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर गेलं की तेच वाक्य. तुमची सिस्टिम या यंत्राला चालत नाही. नितीननं सर्व्हरच्या सिस्टिमसाठी असलेला तसला एक जुना ड्रायव्हर शोधून पाठवला, वहिनीनं तो पेनड्राइव्हवरून आत सरकवला आणि डिस्का दिसल्या. मग कळलं की यंत्रात दोन प्रोसेसर आहेत आणि आमची स्वस्तातली सिस्टिम त्यातला एकच ओळखते. वहिनी अंगणात येऊन मला म्हणाली, "देख व उषा, दोन बैल जुंपेल शेतस आनि एकच ओढी ऱ्हायना!" तिला जणू आपलीच फसवणूक झाल्यासारखं वाटलं. सिस्टिम पुन्हा दुसरी घातली, दोन्ही बैल कामाला लागले, तेव्हा कुठं ती जेवली.

पण यंत्र मुकं होतं. सर्व्हरला कशाला बोलता यायला हवं? कुणी बसतच नाही ना पुढ्यात. आवाजाची पिन घालायला भोकच नाही. यूएसबीला लावायची एक छोटी डबी मिळते, ती मागवली होती, पण यायला उशीर होत होता आणि लग्नसराई थांबत नव्हती. वहिनी म्हणाली, आवाजाच्या रेघा तर स्क्रीनवर दिसतात ना, मग रेघा बघून गाणी लावू. ऐकू येत नसताना तिनं आख्खी लग्नाची फिल्म मिक्स केली. मंगलाष्टकं बरोबर बसली, हळद बरोबर बसली... आणि पाठवणीला वरातीचा बँड लागला. नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय आणि खाली धिंगाणा! पोरीची आई तावातावानं आमच्या दारात आली. वहिनीनं माफी वगैरे काही मागितली नाही, "बठ, पयले देख," म्हणून तिला स्टुलावर बसवलं. दोघींनी ती फिल्म आमच्या टीव्हीवर लावून बघितली. निम्म्यातच त्या बाईला हसू फुटलं, कारण कापताना वहिनीच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती, पोरगी रडता रडता मध्येच मैत्रिणीकडे बघून डोळा मारत होती. बँडच्या तालावर ते इतकं चपखल बसलं होतं की त्या बाईनं फिल्म तशीच नेली. वहिनी नंतर मिशीला पीळ दिल्यासारखी घरभर हिंडत होती.

सगळ्यात मोठी गंमत पुढं झाली. मिक्सिंग भराभर व्हावं म्हणून तिनं त्यात एक ग्राफिक्स कार्ड बसवलं, साध्या कॉम्प्युटरचं. ते मावेना म्हणून यंत्राचं झाकण उघडंच ठेवलं. सर्व्हरला ते कार्ड आपल्या घरातलं वाटेना. परकं कुणीतरी आत आलंय या भीतीनं त्यानं सगळे पंखे पूर्ण जोरात सोडले आणि ते पुन्हा कधीच हळू झाले नाहीत. आमच्या गल्लीत त्या दिवसापासून जो आवाज सुरू झाला तो ऐकून पलीकडच्या आळीतली एक बाई गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन आली, "हंसा, चक्की कवय घाली व?" म्हणत, म्हणजे गिरणी कधी घातलीस. तिला खरंच पिठाची गिरणी वाटली होती. तेव्हापासून यंत्राचं नाव गिरणी पडलं. शेजारच्या सुमनबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली, मग त्यांनाच सवय झाली. दुपारी गिरणी चालू नसली तर त्या भिंतीवरून विचारायच्या, "हंसा घरमा नही का?"

नितीन दिवाळीला आला की त्या यंत्राभोवती फिरायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. झाकण उघडं, शेजारी स्टोव्ह, खिडकीतून धूळ. "आमच्याकडे याच यंत्राला लोक बूट काढून भेटायला जातात," असं तो म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या जगात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे आणि त्या जागेवर ती चांगली चालते. पण मी शाळेत शिकवते आणि जागा ठरवण्याचं काय होतं ते मी रोज बघते. डोंगरातलं पोर पहिलीत येतं, त्याची घरची भाषा वेगळी, माझ्या पुस्तकातली वेगळी, आणि कुणीतरी कुठंतरी ठरवून ठेवलेलं असतं की हे एकमेकांना चालत नाही. चालत नाही म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं? चालवणारा लागतो. वहिनी असं काही बोलायची नाही, तिला भाषणांचा कंटाळा होता. पण नितीननं फार समजावलं की ती एवढंच म्हणायची, "चाली ऱ्हायनं ना? मग?"

त्या यंत्रापुढं बसलेल्यांत मला सगळ्यात जास्त आठवतात ते रुपजी वसावे. खापरच्या पुढं डोंगरात त्यांचं गाव. त्यांची बायको वारली आणि काही महिन्यांनी ते जीप भरून सगळं कुटुंब घेऊन आले. फ्लेक्स वगैरे त्यांच्याकडे काही करायचं नव्हतं, फोटोही नको होता. ते मराठी सावकाश, शब्द निवडून बोलतात. म्हणाले, "ती चालते, ते बघायचं." वहिनीनं विचारत विचारत त्यांच्या पुतण्याचं लग्न शोधलं. त्यात ढोलावर बायकांची रांग होती, एकमेकींच्या कमरेत हात, आणि त्या रांगेत ती. रांग पुढं यायची, मागं जायची. रुपजींनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "परत." वहिनीनं परत लावलं. सबंध दुपार ते चाललं. मध्ये त्यांनी बांधून आणलेल्या भाकरी सोडल्या, आम्हीही त्यात बसलो, आणि पडद्यावर ती बाई नाचत होती. वहिनीनं त्यांना पेनड्राइव्हमध्ये घालून दिलं, पण त्यांच्या घरी लावायला काही नव्हतं, आणि असतं तरी ते आलेच असते असं मला वाटतं. त्यानंतर दर वर्षी होळीच्या आधी ते यायचे, एकटेच. वहिनी त्यांना बघितलं की हातातलं काम बाजूला सारायची.

आता पुन्हा त्या काळ्या स्क्रीनकडे येते. उत्तरकार्य झाल्यावर नितीन निघायच्या तयारीला लागला. त्यानं दादाला आणि मला बसवून नीट सांगितलं. यंत्र गेलंय. डिस्का काढून पुण्याला नेतो, पण त्या सगळ्या मिळून एक करून ठेवलेल्या आहेत, सुट्या वाचता येत नाहीत, आशा फार धरू नका. बाकीचा सांगाडा भंगारवाला येऊन नेईल. आईचं सगळं आयुष्य त्यात आहे हे नितीनला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. दादा म्हणाला, "ली जा. माले तो आवाज आते ऐकाना नही." त्याचंही मी समजू शकते. पण मला ते मान्य नव्हतं. माझ्याजवळ कारण काही नव्हतं, नुसता राग होता. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. नितीन म्हणाला, "आत्या, थांबून काय होईल?" भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारचा निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रुपजी वसावे उभे. होळी जवळ आली होती आणि आम्ही विसरून गेलो होतो. त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. ते नेहमीसारखे चपला काढून आत आले, स्टूल ओढून घेतलं आणि खुर्ची रिकामी दिसली तेव्हा भिंतीकडे बघितलं. तिथं तो आधारवरचा फोटो हार घालून लावलेला होता. ते उठून त्या फोटोजवळ गेले. मग म्हणाले, "ही भाबी नाही." मी म्हटलं, "तीच आहे हो, फोटो तसला आहे." त्यावर ते यंत्राकडे बोट करून म्हणाले, "यात असेल ती. माझीवाली आहे, तर ती पण असेल." आणि ते बसून राहिले. यंत्र बंद पडलंय, आज दुपारी ते जाणार आहे, हे त्यांना सांगायची माझी हिंमत होईना. नितीन आणि दादा बाजारात गेलेले. काहीतरी करायचं म्हणून मी भिंतीवरचा खटका वर केला, बटण दाबलं, गिरणी गरजायला लागली, स्क्रीन काळीच. पाहुण्याला निदान चहा तरी करू म्हणून मी स्टोव्ह पेटवला.

चहा उकळत होता, मागं तो आवाज होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण हे असंच रोज व्हायचं! वहिनी आधी बटण दाबायची आणि मग चहा ठेवायची, कारण यंत्राला जागं व्हायला चहाइतका वेळ लागतो. चहाचा कप घेऊन ती परत यायची तेव्हाही स्क्रीन काळीच असायची. मग ती बसायच्याही आधी, उभ्याउभ्याच, कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं डाव्या कोपऱ्याजवळचं एक बटण बोटाच्या पेरानं ठोकायची, आणि वैतागलेल्या आईच्या सुरात म्हणायची, "हां, माहीत शे, माहीत शे. चाल!" मला इतकी वर्षं वाटायचं ती अशीच बडबडते. मी कप खाली ठेवला, दोन बटणं चुकीची दाबली, मग तिसरं दाबलं. काही झालं नाही. मी उभीच राहिले, आणि मग खरंच, स्क्रीन उजळली. मागं तिनं ठेवलेलं चित्र, कसल्याशा मांडवाचं, आणि त्याच्यावर इकडेतिकडे पसरलेली तिची फोल्डरं.

नितीन आल्यावर त्यानं मागं वाकून, तारा बघून मला त्याचा उलगडा केला. यंत्र रोज सुरू होताना तक्रार करतं. कार्ड परकं आहे, झाकण उघडं आहे, हे असं चालत नाही. आणि ते म्हणतं, तरीही पुढं जायचं असेल तर बटण दाबा. पण ही तक्रार ते स्क्रीन लावायच्या त्याच्या स्वतःच्या जुन्या पिनवर लिहितं, आणि आमची स्क्रीन लावलेली होती त्या परक्या कार्डाला. त्यामुळं तक्रार कुणालाच दिसायची नाही, नुसता अंधार दिसायचा. वहिनीला कधीतरी ते कळलं असणार आणि तिनं ठरवलं असणार की यासाठी दुसरी स्क्रीन कशाला, यंत्र काय म्हणतं ते आपल्याला पाठ आहे. नितीन त्या खुर्चीत बसला, कीबोर्डवर डोकं टेकलं आणि पहिल्यांदा मोकळा रडला. रडता रडता म्हणाला, "आई पण ना..." भंगारवाला आला तेव्हा दादानंच त्याला दारातून परत पाठवलं. "गिरणी चालू शे, ऐकू येत नही का?" असं म्हणाला तो, आणि तेव्हापासून त्या आवाजाबद्दल त्याची काही तक्रार ऐकली नाही.

रुपजींना मी त्यांची रांग लावून दिली. मला फोल्डर सापडायला वेळ लागला, ते बसून राहिले. मग त्यांनीच सांगितलं, "आता भाबीला शोध." वहिनी कुठल्या लग्नाला जायची? तिला तर मिक्सिंगमधून उठायला व्हायचं नाही. पण सुमनबाईंच्या पोरीच्या लग्नाला ती गेलेली मला आठवत होती, शेजारचंच लग्न. ते काढलं. मांडव, हळद, पाहुणे, पंगत... आणि पंगतीच्या टोकाला ती. केस सुटलेले, पदर खोचलेला, तोंडात लाडूचा घास. दादाचा कॅमेरा तिच्यावर येऊन थांबतो, हा माणूस लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही बायकोवर कॅमेरा धरून थांबतो, आणि ती हात आडवा करून ओरडते, "मन्हावर काय धरी ऱ्हायना! तिकडे नवरीकडे धर!" त्या मुक्या यंत्राच्या त्या छोट्या डबीतून तिचा आवाज घरभर घुमला, पंख्यांच्या वरताण. भिंतीपलीकडून सुमनबाईंची भांडी पडल्याचा आवाज आला. रुपजी हसले आणि म्हणाले, "ही भाबी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "परत."

आता गिरणी मी चालवते. मला मिक्सिंग येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही, दादा ते शहाद्यातल्या दुसऱ्या माणसाकडून करून घेतो. पण शाळेतून आले की मी खटका वर करते, चहा ठेवते आणि स्टुलावर जे कुणी बसलेलं असेल त्यांना कुणाचं लग्न, कुठल्या गावात, असं विचारायला लागते. नितीननं सगळ्याची एक प्रत पुण्याला नेऊन ठेवली आहे, थंड खोलीत, कुलपाआड, योग्य त्या जागी. चांगलंच केलं त्यानं. माझा आग्रह एवढाच होता की मूळ इथून हलणार नाही, आणि यंत्र नीट करतो, झाकण लावतो, दुसरी स्क्रीन जोडतो, असं तो म्हणाला तेव्हा मी नको म्हटलं. ती तक्रार मला वाचायची नाही. भिंतीवरचा आधारवाला फोटो काढून टाकला, तिथं आता तो पंगतीतला फोटो आहे. थांबवलेला क्षण आहे, त्यामुळं जरा पुसट आलाय, हात तोंडापुढं आलाय, एक डोळा तेवढा नीट दिसतो आणि तो भांडतोय.

या लेखासोबत छापायला मी तोच पाठवला. पुरवणीच्या संपादकांचा काल फोन आला, म्हणून हे शेवटी जोडते. सज्जन माणूस, फार हळुवार बोलले. म्हणाले, बाई, लेख छापतो, पण फोटो अस्पष्ट आहे, चेहरा झाकलाय, तोंडात घास आहे, श्रद्धांजलीच्या लेखाला असा फोटो चालत नाही, दुसरा समोरून काढलेला, आधार कार्डावरचा वगैरे असेल तर पाठवा. माझ्या मागं गिरणी गरजत होती म्हणून त्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "हां, माहीत आहे. चालवा."